निवृत्तीनंतर कुठे? बनी तो बनी, नहीं तो परभणी!

आमच्या जिल्ह्याबद्दल निजामाच्या राजवटीपासून एक म्हण चालत आलेली आहे. बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेर कुठे जमले तर उत्तम, नाही जमले तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ. नोकरी न मिळालेला, धंद्यात बसलेला, शहराच्या महागाईला कंटाळलेला माणूस इथे यायचा आणि कमी पैशात दिवस काढायचा. म्हणजे स्वस्त मुलुख शोधून तिथे उरलेले आयुष्य काढण्याची कल्पना आम्हा परभणीकरांना नवी नाही. नवे एवढेच, की आता परभणीचाच माणूस परभणी सोडून स्वस्त देश शोधू लागला आहे.

गेल्या महिन्यात आमचे एक जुने गुरुजी आमच्या कचेरीत आले. पूर्णा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आम्हाला चौथीला शिकवले. पुढे मुख्याध्यापक म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. परभणीत दोन खोल्या आणि पुढे पडवी असे स्वतःच्या नावावरचे घर बांधले. हातातली पिशवी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "वकिला, घर काढायचंय. इसार पावती तयार कर."

आम्हाला वाटले, पुण्याला मुलाकडे चालले असतील. हल्ली बरेच जण जातात. तसे विचारले तर गुरुजी म्हणाले, "पुण्याला नाही. थायलंडला. बौद्धांच्या देशात."

आम्ही हसलो नाही. कारण ही कल्पना त्यांच्या डोक्यात कशी आली हे आम्हाला ठाऊक होते. जानेवारी 2023 मध्ये थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू बुद्धांच्या अस्थिधातूंसह परभणीत आले आणि इथून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी निघाले. तो सोहळा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. गुरुजी त्या पदयात्रेत दोन दिवस चालले होते. पुढच्या वर्षी एका सहलीबरोबर ते आणि काकू बँकॉक, अयुथ्या पाहून आले. तिथे त्यांना गोरे म्हातारे दिसले. अमेरिकेतून, युरोपातून येऊन वर्षानुवर्षे राहणारे. कुणीतरी सांगितले, पन्नाशीनंतर इथे राहण्याचा व्हिसा मिळतो, खर्च कमी, दवाखाने चांगले. पण गुरुजींना भावलेली गोष्ट वेगळीच होती. ते म्हणाले, "पंधरा दिवसांत मला एकानंही आडनाव विचारलं नाही."

या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी भाड्याने खोली शोधली आहे, ज्यांची बदली नव्या गावी झाली आहे, त्यांना या वाक्याचे वजन सांगायची गरज नाही.

गाव सोडणे हा गुन्हा आहे काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुणी देश सोडून जायचे म्हटले की त्याला समाजद्रोही ठरवण्याची घाई आपल्याकडे होते. हे बरोबर नाही. गाव सोडून शहराकडे जा, हे आपल्याला खुद्द बाबासाहेबांनीच सांगितले. आपल्या बापजाद्यांनी गावकी सोडली, वतन सोडले, रेल्वेत बसून मुंबई गाठली, गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला लागले, म्हणून आज आपण लिहितो-बोलतो आहोत. प्रस्थापितांचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला की पेढे वाटले जातात, आणि आपला एखादा निवृत्त माणूस चार दिवस सुखाने राहायचे म्हणाला की त्याला सामाजिक ऋणाची आठवण करून दिली जाते. आयुष्यभर वर्गणी दिलेल्या, भावंडांची शिक्षणे केलेल्या, गावाकडच्या लग्नांना कर्ज काढलेल्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे. तेव्हा गुरुजींनी जावे की जाऊ नये, याचा निकाल भावनेच्या भरात लावता येणार नाही. आधी हिशेब मांडला पाहिजे, मग कायदा पाहिला पाहिजे, आणि शेवटी समाजाचे म्हणणे मांडले पाहिजे.

स्वस्त कुणासाठी?

थायलंडच्या निवृत्ती व्हिसासाठी वय पन्नास पूर्ण असावे लागते. त्याशिवाय बँकेत 8 लाख बाथ ठेव किंवा दरमहा 65 हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते, किंवा दोन्ही मिळून तेवढी रक्कम भरावी लागते. आजच्या भावाने 8 लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. दरमहा 65 हजार बाथ म्हणजे दीड लाखाहून अधिक रुपये. गुरुजींचे निवृत्तिवेतन, अंशराशीकरणाची कपात वजा जाता, महिन्याला 45 हजारांच्या आसपास पडते. म्हणजे उत्पन्नाची अट बाजूलाच राहिली. उरली ठेव. ती कुठून येणार? परभणीचे घर विकून. जी रक्कम ठेव म्हणून दाखवायची, ती मनाला येईल तशी खर्चही करता येत नाही, कारण परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि दरवर्षी खाते पाहिले जाते. इथून दीर्घ मुदतीचा व्हिसा काढायचा तर आरोग्य विमाही लागतो, आणि साठीनंतर विम्याचा हप्ता काय होतो हे ज्याने काढला आहे त्याला विचारा.

यातली खरी मेख चलनात आहे. थायलंड स्वस्त आहे तो डॉलरवाल्याला. अमेरिकेतला निवृत्त कामगार आपले निवृत्तिवेतन डॉलरमध्ये घेतो आणि बाथमध्ये खर्च करतो, म्हणून तिथे त्याची चैन होते. आपले निवृत्तिवेतन जिल्हा कोषागारातून रुपयात येते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका बाथला दोन रुपयांच्या आसपास पडत, आता अडीच रुपयांहून अधिक मोजावे लागतात. महागाई भत्ता वाढतो तो इथल्या महागाईवर, बँकॉकच्या नव्हे. गोऱ्या म्हाताऱ्याचे गणित आपल्या वहीत उतरवले तर उत्तर चुकणारच.

आणखी एक हिशेब गुरुजींनी केलाच नव्हता. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे असते. माणूस गेल्यावर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. गुरुजी 63 वर्षांचे आहेत, काकू त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. उद्या परक्या देशात गुरुजींचे काही बरेवाईट झाले, तर भाषा न येणाऱ्या काकूंनी कमी झालेल्या रकमेत, व्हिसाची अट पुन्हा स्वतःच्या नावावर पूर्ण करत, एकटीने राहायचे की विकलेल्या घराच्या गावी परत यायचे? आम्ही हे विचारले तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

मग श्रीलंका, नेपाळ? श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली, पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा लागल्या, हे आपण पाहिले. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारात परस्परांच्या नागरिकांना राहण्याची व मालमत्तेची सवलत लिहिलेली आहे, शंभर भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दरही 1993 पासून ठरलेला आहे. लुंबिनीच्या सावलीत राहण्याचे आकर्षण कुणाला नसेल? पण प्रत्यक्षात परकीयाला तिथे जमीन नावावर होत नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये दोन दिवसांच्या उद्रेकात तिथले सरकार कोसळले. देश बौद्ध असला वा बुद्धांच्या जन्माचा असला, म्हणून म्हातारपण आपोआप सुरक्षित होत नाही.

नव्वद दिवसांची हजेरी

आता कायदा. थायलंडमध्ये परकीय माणूस जमीन विकत घेऊ शकत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण त्यातही परकीयांचा वाटा एकूण क्षेत्राच्या 49 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. निवृत्ती व्हिसावर राहणाऱ्याला नोकरी करता येत नाही. आणि सलग राहायचे असेल तर दर 90 दिवसांनी तिथल्या इमिग्रेशन खात्याला आपला पत्ता कळवावा लागतो.

आम्ही वकिली करतो, म्हणून ही शेवटची अट वाचताना आम्हाला आमचे अशील आठवले. जामिनावर सुटलेल्या पोराला ठाण्यात हजेरी द्यावी लागते. भटक्या-विमुक्तांच्या बापजाद्यांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या हजेरी दिली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. थायलंडची हजेरी अपमानाची नाही, सर्व परकीयांना सारखीच आहे, हे मान्य. तरीही तिचा अर्थ एकच. तुम्ही इथले नाही, राहू दिले आहे म्हणून राहता.

भारतीय संविधानाच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला. ज्यांना गावकुसाबाहेर कुठे झोपडी घालायची हे गावकी सांगत असे, त्यांच्यासाठी हे कलम किती मोठे आहे! परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 2010 च्या दुरुस्तीनंतर मतदार यादीत नाव ठेवता येते, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन आपल्याच केंद्रावर यावे लागते. परभणीच्या केंद्रावर एका मतासाठी बँकॉकहून कोण येणार?

हे सगळे आम्ही गुरुजींना समजावले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "कलम 19 मीच तुला पाठ करायला लावलं होतं. पण इथल्या संविधानाच्या प्रतिकृतीचं काय झालं, ते तूच पाहिलंस ना?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्याला हिंसक वळण, मग वस्त्यांमधून धरपकड आणि घरात शिरून मारहाण केल्याचे आरोप. अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच दिवसांत, तब्येतीची पर्वा न करता रस्त्यावर उभे राहिलेले ज्येष्ठ आंबेडकरी नेते विजय वाकोडे हृदयविकाराने गेले. गुरुजींच्या थायलंडचे मूळ या दिवसांत आहे. आपला माणूस स्वस्ताई शोधतो असे वरवर दिसते, पण तो थकलेला असतो आणि भ्यालेलाही असतो. हे आपण ओळखले नाही तर त्याच्याशी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही आम्ही गुरुजींपुढे ठेवली. सोमनाथची आई हटली नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलै 2025 रोजी तिथेही शासनाला दिलासा मिळाला नाही. न्याय पूर्ण झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण जेवढे झाले, ते इथे ठाण मांडून बसलेल्या माणसांमुळे झाले.

जामीनदार कुठून आणायचा?

आता त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो, जी वर्तमानपत्रांत येत नाही. न्यायालय जामीन मंजूर करते म्हणजे आरोपी सुटतो असे लोकांना वाटते. तसे नसते. जामीनदार उभा करावा लागतो. त्याच्या नावावर सातबारा किंवा घर हवे, घरपट्टीची पावती हवी, प्रसंगी तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. आपल्या वस्त्यांमध्ये अशी कागदपत्रे किती घरांत आहेत? कुणाचे घर गायरानावर, कुणाचे गुंठेवारीत अडकलेले, कुणी भाड्याच्या खोलीत, कुणाचा सातबारा आजोबाच्या नावावरून अजून उतरलेला नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेल्या कैद्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला 31 जानेवारी 2023 रोजी खास निर्देश देऊन घ्यावी लागली, यावरून दुखणे किती जुने आहे ते समजावे.

अशा वेळी वस्तीत ज्याच्या नावावर स्वच्छ कागद आहे असा माणूस कोण असतो? राखीव जागेवर नोकरी करून, भविष्य निर्वाह निधी काढून, कर्ज फेडून घर बांधलेला निवृत्त शिक्षक, निवृत्त तलाठी, एसटीतला निवृत्त वाहक, कृषी विद्यापीठातला निवृत्त लिपिक. गुरुजींनी त्या डिसेंबरनंतर दोन पोरांचा जामीन घेतला. दोघांपैकी एकही त्यांच्या नात्यातला नाही. एक जण त्यांचा विद्यार्थीसुद्धा नाही.

म्हणून इसार पावतीचा कागद पुढे ओढण्याआधी आम्हाला वकील म्हणून गुरुजींना सांगावे लागले, "गुरुजी, त्या दोन पोरांचे खटले चालू आहेत. घर विकून देश सोडायचा तर आधी न्यायालयात अर्ज देऊन जामिनातून मोकळे व्हा. अर्ज दिला की पोराला बोलावले जाईल आणि नवा जामीनदार आणायला सांगितले जाईल. त्याने आणला तर ठीक."

"आणि नाही आणला तर?"

"तर तो पुन्हा आत जाईल."

गुरुजींनी पिशवीतली कागदपत्रे परत पिशवीत ठेवली. काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि निघाले.

पावतीपुस्तक आणि माणूस

हे वाचून कुणी म्हणेल, पाहा, गुरुजी थांबले, समाज जिंकला. आम्हाला तसे वाटत नाही. एका थकलेल्या माणसाच्या पायात दोन पोरांचे खटले अडकवून त्याला थांबवणे हा चळवळीचा विजय नव्हे. प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे. निवृत्त माणसाकडे आपण कधी जातो? एप्रिल आला की पावतीपुस्तक घेऊन. ऑक्टोबर आला की पावतीपुस्तक घेऊन. डिसेंबरमध्ये चैत्यभूमीच्या गाडीच्या वर्गणीसाठी. मधल्या दिवसांत त्याचे गुडघे दुखतात का, त्याला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला नांदेडला कोण घेऊन गेले, 44 अंशांच्या उन्हात दुपारी त्याच्या घरी पाणी होते का, हे आपण विचारतो काय? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत ताटकळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत आपला एक तरी कार्यकर्ता मदतीला उभा असतो काय?

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली असे व्यथित होऊन सांगितले. ते भाषण आपण नोकरदारांना ऐकवत असतो. पण शिकलेल्या माणसाचे समाजावर ऋण असते तसे समाजाचेही त्या माणसावर काही देणे लागते, हे ऐकवायला आपण विसरलो.

बाबासाहेब स्वतः बौद्ध देशांत गेले होते. 1950 मध्ये श्रीलंकेला, 1954 मध्ये रंगूनला, नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूला. प्रकृती खालावलेली, मधुमेहाने पाय दुखत होते. या देशांत त्यांना सन्मानाने ठेवून घेणारे पुष्कळ होते. पण रंगूनहून येताना त्यांनी तथागतांची मूर्ती आणली आणि 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला तिची स्थापना केली. परदेशात जे चांगले दिसले ते इथल्या माणसांसाठी घेऊन येणे, ही त्यांची रीत होती. गुरुजींनाही थायलंडमध्ये एक चांगली गोष्ट दिसली, आडनाव न विचारणारी माणसे. ती इथे कशी आणायची, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

म्हणून निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बांधवांना आमचे सांगणे इतकेच. जायचे असेल तर जरूर जा. दोन-तीन महिने जा, विहारांत राहा, ध्यान शिका, परत येऊन आम्हाला शिकवा. पण घर विकून जाऊ नका. पत्नीच्या नावाने हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि तिला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. मतदार यादीतले नाव काढू नका. कुणाचा जामीन घेतला असेल तर आधी वकिलाला भेटा.

आणि विहारांच्या समित्यांना आमचे सांगणे. प्रत्येक विहारात दोन वह्या ठेवा. एका वहीत वस्तीतल्या सर्व निवृत्त आणि एकट्या राहणाऱ्यांची नावे, औषधे, दवाखान्याच्या तारखा, आणि कुठल्या दिवशी कोणता तरुण त्यांच्याकडे जाणार ते लिहा. दुसऱ्या वहीत जामीनदार होऊ शकतील अशा माणसांची नावे लिहा, म्हणजे दरवेळी त्याच दोन-तीन म्हाताऱ्यांवर भार पडणार नाही. ज्यांचे कागद अडकले आहेत त्यांचे फेरफार आणि नोंदी करून देण्यासाठी महिन्यातून एक रविवार आम्ही वकील मंडळी विनामूल्य बसू. हे काम मोर्चाइतके दिसणार नाही, पण पुढच्या वेळी वस्तीवर वेळ आली तर हेच उपयोगी पडेल.

परवा विहारात काकू भेटल्या. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्याच करतात. आम्ही विचारले, "काय ठरलं, काकू?" त्या म्हणाल्या, "ह्यांचं चालूच आहे अजून. मी सांगितलंय, हिंडायला चला, कवाबी येते. पण औंदा आषाढी पौर्णिमेला ग्रंथ मीच उघडणार हाय."

गुरुजींनी अद्याप काही ठरवलेले नाही. त्या दोन पोरांपैकी एकाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. जामीनदाराने हजर राहावे असा काही नियम नाही. तरी गुरुजींनी फोन करून वेळ विचारून घेतली आहे.

जयभीम!